आबांच्या खिशातला पेढा

चटणी वाढतीस खरी, पर हिच्यापायी आमच्या घरात काय झालं, ठाऊक हाय का बायांनो? थोरला माझ्या अंगावर पीत होता तवा. त्याचं पोट सारखं बिघडायचं आन् सासूबाई माझ्यावर घसरायच्या, “तूच चोरून तिखट खातीस. आईचं खाल्लेलं दुधातनं उतरतं.” शपथा घेऊन दमले. शेवटी माझी शेंगाची चटणी बंद झाली. दोन्ही वेळा नुसता फिका भात.

मग पोराचं उष्टावण ठरलं. खिरीचा पहिला घास मामाच्या हातचा, म्हणून माझा दादा सांगोल्याहून आला. चाळीतल्या समद्या बाया जमल्या. दादानं खीर पुढं केली, तर पोरानं तोंड फिरवलं आन् गिरणीतनं नुकत्याच आलेल्या सासऱ्यांकडं झेप घेतली. आबांच्या बंडीच्या खिशातनं पेढ्याची पुडी ओढली आन् त्यांच्यापुढं आ वासून बसलं.

सासूबाई म्हणाल्या, “कवापासनं चाललंय हे?”

आबा जमिनीकडं बघत पुटपुटले, “रोज कामावरनं आल्यावर... चिमूटभरच की.”

माझ्या माहेरच्या माणसादेखत! तोंड कुटं लपवू असं मलाच झालं.

जेवायला बसल्यावर सासूबाईंनी माझ्या पानात ढीगभर चटणी वाढली आन् आबांना म्हणाल्या, “आता पथ्य तुमाला.”

महिनाभर आबांनी मुकाट फिका भात खाल्ला. वाढायची मीच. चटणीचं भांडं पदराआड धरून त्यांच्यापुढनं जाताना वाटायचं, बायांनो, चोर मीच हाय.