रुग्ण क्रमांक सतराचे आकडे

नाव व पत्ता: ओळखपत्राप्रमाणे, स्वतंत्र कागदावर उतरवून घेतले आहे. वय: ७१ वर्षे. धंदा: निवृत्त शिक्षिका, विषय गणित. (शिकवणे हा धंदा नव्हे, असे मी सांगितले. फॉर्मवर तसेच छापले आहे, असे हवालदार म्हणाले.)

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माझी धाकटी बहीण, वय ६८, माझ्यासोबत राहत होती. ती भूगोल शिकवत असे. आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो आणि पुढे त्याच शाळेत नोकरी केली. तिथे रडणाऱ्या मुलीला रडणे थांबेपर्यंत व्हरांड्यात उभे करत. आम्ही दोघी व्हरांड्यात कधी गेलो नाही.

धाकटीला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे कळल्यावर तिला रुग्णालयाच्या वेदना विभागाकडे पाठवले. या विभागाचे प्रमुख डॉक्टर म्हणजेच आजचे तक्रारदार. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि मला एक छापील वही दिली. रोज सकाळी व संध्याकाळी रुग्णाला विचारायचे, शून्य ते दहापैकी किती दुखते, आणि तो आकडा चौकोनात लिहायचा. आकडा सात किंवा वर गेला की फोन करायचा, म्हणजे डोस वाढवतील. सातच्या खाली असेल तर आहे तोच डोस चालू. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर छापला आहे. मी तो वाचला होता.

पहिल्या सकाळी मी विचारले, "किती?"

ती म्हणाली, "नऊ."

मी म्हटले, "धड बोलते आहेस, चहा संपवलास. दहापैकी नऊ कुणाला देतात, ठाऊक आहे ना?"

"ताई, तुझ्या हाताखाली कुणी पास तरी झालंय का कधी?" असे ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "बरं बाई, चार लिही."

मी चार लिहिले.

त्यानंतर ती आपणहून तीन किंवा चार सांगू लागली. एकदा पाच. एकवीस दिवसांत एकदाही सात झाले नाहीत, त्यामुळे फोन करण्याचा प्रश्न आला नाही. या काळात ती उशीचा अभ्रा दातांत धरत असे. फाटलेले अभ्रे मी बदलत होते. वहीत अभ्र्यांसाठी चौकोन नव्हता.

डॉक्टर तीन वेळा घरी आले. प्रत्येक वेळी त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "छान कंट्रोल आहे, आजी." धाकटीकडे त्यांनी एकदाच पाहिले, ती "थँक यू, डॉक्टर" म्हणाली तेव्हा. बाविसाव्या दिवशी सकाळी ती गेली. त्या दिवसाचा चौकोन रिकामा आहे.

मागील महिन्यात विभागाकडून पत्र आले. वेदना-उपचारांवर डॉक्टरांची परिषद आहे, तिथे नातेवाईक म्हणून पाच मिनिटे अनुभव सांगावा. त्याप्रमाणे मी आज सकाळी ९.१० वाजता परिषदेच्या सभागृहात पोहोचले. मला एक पिशवी, एक पेन आणि 'नातेवाईक' असे लिहिलेला बिल्ला देण्यात आला. पहिल्या वक्त्याने रुग्णाचे ऐकून घ्यायला शिका, असे सव्वा तास सांगितले. त्यामुळे प्रश्नांना वेळ उरला नाही आणि माझी पाच मिनिटेही रद्द झाली.

११.३० वाजता मधल्या सुटीत मी बाजूच्या दालनात गेले. तिथे स्टँडवर पोस्टरे लावली होती. डावीकडून चौथे पोस्टर तक्रारदारांचे होते. त्यावर वहीच्या आकड्यांच्या पानाचा मोठा फोटो होता, एकवीस दिवसांचे बेचाळीस आकडे. अक्षर माझे. खाली लिहिले होते: रुग्ण क्रमांक १७, स्त्री, ६८, सरासरी वेदना ३.४, अखेरपर्यंत डोस वाढवण्याची गरज भासली नाही. त्याखाली, हीच पद्धत आणखी चाळीस रुग्णालयांत सुरू करण्याचा प्रस्ताव.

मी सरासरी पडताळून पाहिली. ती बरोबर होती.

मग मी पर्समधून लाल पेन काढले आणि डावीकडून एकेक आकडा खोडून शेजारी नऊ लिहू लागले. एका डॉक्टरबाईंनी मला संयोजक समजून जेवण किती वाजता, असे विचारले. मी सव्वा वाजता म्हणून सांगितले. कार्यक्रमपत्रिकेत तसेच होते.

माझे एकवीस आकडे खोडून झाले तेव्हा तक्रारदार आले. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"आजी, काय करताय? हा डेटा आहे."

"हा डेटा माझ्या अक्षरात आहे."

"पण नऊ कशाच्या आधारावर?"

"अभ्र्यांच्या."

त्यांना ते कळले नाही. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत, हे मी मान्य करते. त्यांनी विचारले, "नऊ होते तर तेव्हाच नऊ का नाही लिहिलंत? मी त्याच दिवशी डोस वाढवला असता."

त्यावर मी स्टँड ढकलला. तो लोखंडी आहे. तोल गेला म्हणून हात लागला, असे लिहू का, असे हवालदारांनी विचारले. तसे लिहू नये. ढकललाच.

मूळ आकडे खरे आहेत, एवढे मी लिहून दिल्यास तक्रार मागे घेऊ, असा तक्रारदारांचा निरोप आहे. मी लिहून देणार नाही. उरलेले एकवीस आकडेही दुरुस्त करायचे आहेत, ते चाळीस रुग्णालयांत जाण्याआधी. लाल पेन पंचांसमक्ष जप्त झाले आहे. ते परत नको.

ठाण्याची पायरी चढताना मी लंगडत होते, याबद्दल हवालदारांनी विचारले. स्टँड माझ्या उजव्या पावलावर पडला होता. बूट काढल्यावर मोजा भिजलेला दिसला. दवाखान्यात पाठवायचे का, किती दुखते, असे त्यांनी विचारले. फार नाही, असे मी सांगितले. त्यांनी तसे लिहिले.

हा जबाब मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे.