डाव्या सीटचं वजन

...नाही, मला एक सांगा, मे महिन्यात, डोंबिवलीत, गाडीतला चांगला चालू एसी कोणी उपटून काढतं का? आपल्याला बिघडलेला एसी दुरुस्त करायला माणूस मिळत नाही, आणि ही बाई चालू एसी काढायला माणूस शोधत थेट मोहन्यापर्यंत गेली. का, तर वजन. गाडी म्हणे ते वजन उगाच वाहते. जेवताना नवऱ्याला म्हणाली, “सुश्रुत, एसी काढतेय.” आणि सुश्रुत काय म्हणाला? म्हणाला, “बरं.”

तुम्हाला सांगतो, डोंबिवलीत कोपरला आमच्या समोरच्या दारात राहतं हे जोडपं. मैथिली ठाण्याला कॉलेजात गणित शिकवते, सुश्रुत दातांचा डॉक्टर, घरात सुश्रुतची आई हेमांगीकाकू, आणि खाली पार्किंगमध्ये ती गाडी. जपानी स्पोर्ट्स कार, दोन सीटची, लाल, जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे पाटावर बसायचं आणि उठताना कोणाचा तरी हात मागायचा. ठाण्यातल्या एका गृहस्थांकडे वर्षानुवर्षं कव्हरखाली झोपलेली. मैथिलीने ती घेतली, आणि होती तशी ठेवली का? कशाला ठेवेल.

आता इतर पोरं गाडी मॉडिफाय करतात म्हणजे काय करतात? सायलेन्सर फोडतात, मागे विमानासारखा पंख लावतात आणि स्टेशन रोडच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरवर गुरगुरत उभी राहतात. मैथिलीला त्याची भयंकर चीड. “आवाज करायला अक्कल लागत नाही,” म्हणते, “थांबायला लागते.” म्हणून तिने आधी ब्रेक बदलले. मग टायर. मग सस्पेन्शन, तेही असं की प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगला एक रिंग, ती पान्याने फिरवली की गाडीचा तो कोपरा हवा तेवढा वर नाहीतर खाली. आणि मग कुठे इंजिनाला हात. लॅपटॉप जोडायचा, पेट्रोल किती जाईल, ठिणगी कधी पडेल, सगळं बसल्या जागी ठरवायचं. मधल्या वेगाला गाडी किंचित अडखळायची, आवंढा गिळल्यासारखी. मला काही ते ऐकू यायचं नाही. सुश्रुतलाही नाही. मोहन्याचा संदेश, ज्याच्या गॅरेजात हे सगळं चालायचं, तो म्हणाला, “मॅडम, एवढं चालतं.” ही म्हणाली, “तुला चालतं रे, गाडीला कुठे चालतंय?” आणि बसली रविवारच्या रविवार, तो आवंढा जाईपर्यंत. गेला हो. बसलोय मी त्या गाडीत एकदा, पत्रीपुलावरून. घशातून साय उतरावी तशी उतरते. असं काम मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

तर एकदा तिने सुश्रुतला गॅरेजात नेलं, डाव्या सीटवर बसवलं, चार पदरी पट्टा त्याच्या मापाने आवळला आणि म्हणाली, “हलू नकोस.” स्वतः उजवीकडे बसली. चार चाकांखाली चार वजनकाटे, आणि संदेश पाना घेऊन एकेक रिंग फिरवतोय. सुश्रुतने विचारलं का, हे कशासाठी? म्हणाला, “बरं,” आणि झोपला. घोरत होता म्हणे.

पुढे काही दिवसांनी तो गॅरेजात डबा द्यायला गेलेला, तर ही संदेशला म्हणतेय, “अजून वजन कमी करायला हवं रे, पण आता काढायचं कुठून?” आणि नेमकं तेव्हाच दोघांनी वळून सुश्रुतकडे बघितलं. अहो, त्याच्या हातात डबा होता आणि त्यांना भूक लागलेली, म्हणून बघितलं. पण माणसाच्या मनाला कोण समजावणार? एसी गेला, स्टेपनी गेली, कार्पेट गेलं, स्पीकर गेले... गाडीत जादा असं आता उरलं होतं कोण?

आणि गडी कोणालाही न सांगता बारीक व्हायला लागला. भात बंद. गोड बंद. सकाळी उठून खाडीच्या बाजूला फेऱ्या. काकू तुपाची वाटी पुढे करून म्हणायच्या, “अरे, जेवतोयस की औषध घेतोयस?” तर हा म्हणे, “आई, तूप दातांना चांगलं नाही.” दातांचा डॉक्टर आहे, काकू काय बोलणार? एवढा खात्यापित्या घरचा मुलगा, शर्ट हँगरला टांगल्यासारखा दिसायला लागला.

मैथिलीच्या कसं लक्षात आलं नाही? कारण तिच्या डोक्यात भलतंच चाललेलं. गाडी बिघडली होती. म्हणजे डावीकडे वळताना शहाण्यासारखी वळायची, आणि उजवीकडे वळताना मागून घसरून शेपूट बाहेर टाकायची. हिने टायरची हवा बदलून बघितली, टायर बदलून बघितले, रबरी बुश बदलले, सगळी चाकं पुन्हा सरळ करून घेतली, शेवटी संदेशशी भांडून अबोला धरला. गाडीवाल्यांच्या क्लबची स्पर्धा तोंडावर, वर्षभर त्या एका दिवसासाठी राबलेली बाई. एका संध्याकाळी पार्किंगच्या पायरीवर बसून सुश्रुतला म्हणाली, “माझ्याच हातात काहीतरी कमी आहे बहुतेक.” कधी असं बोलणारी नव्हे हो ती. त्याला वाटलं, आपलं वजनच अजून नडतंय. त्या दिवसापासून त्याने रात्रीचं जेवणही सोडलं.

स्पर्धा होती मोहन्याच्या पलीकडे, एका बंद कंपनीच्या आवारात, रीतसर परवानगी काढून. काँक्रीटवर नारिंगी शंकू मांडलेले. एकही न पाडता त्यांच्यामधून कमीत कमी वेळात गाडी काढायची, आणि शेजारी वाट सांगायला एक माणूस हवाच, असा नियम. मैथिलीच्या शेजारी अर्थातच सुश्रुत. सकाळी सरावाची फेरी झाली. उजव्या वळणावर शेपूट फिरलं आणि शंकू आडवे. ऋतुराज म्हणून एक जण, मागच्या वर्षीचा विजेता, गाडी दिमाखदार पण माणूस सरळ, तो खिडकीशी आला. “मॅडम, बुरा मत मानना, पण माझी बहीण अमृता मोकळी आहे, तिला घ्या शेजारी. एकदम हलकी आहे, आणि वाट तिला पाठ आहे.”

सुश्रुतने ऐकलं. महिनाभर उपाशी राहिलेला माणूस... त्याने आपल्या हाताने पट्टा सोडला. म्हणाला, “घे तिला, मैथिली. मी बाहेरून बघतो.”

आणि तेव्हा, कित्येक दिवसांनी, तिने त्याच्याकडे नीट बघितलं. उतरताना तो पट्टा त्याच्या खांद्यावरून आपसूक घसरला. तिने आवळलेला पट्टा, आणि लोंबत होता.

“सुश्रुत, तुझं वजन किती?”

“कमी केलंय,” तो म्हणाला. जरा अभिमानानेच म्हणाला. “नऊ किलो.”

संदेश होता तिथेच मट्कन खाली बसला.

“अरे, मी टायर बदलले,” मैथिली म्हणाली. “बुश बदलले. या बिचाऱ्याशी आठवडाभर बोलले नाही.”

“पण गाडीला वजन नको होतं ना?”

“गाडीला तू हवा होतास. काट्यांवर ठेवून तुझ्या वजनावर बसवलीय ती. तुला धरून.”

तुम्हाला सांगतो, दातांच्या डॉक्टरला तोंड मिटता येईना. त्याला इतके दिवस वाटत होतं आपण गाडीतलं ओझं, आणि बायकोने अख्खी गाडी त्याच्याभोवती जुळवलेली. संदेशने सोबत आणलेले काटे मांडले, आणि ऋतुराजने स्वतः गाडी त्यांच्यावर ढकलायला हात लावला. मग संदेशने पाना घेतला. मैथिलीने पट्टा पुन्हा आवळला आणि म्हणाली, “हलू नकोस.” सुश्रुत म्हणाला, “बरं.” या वेळी झोपला नाही.

आणि मग ती गेली. काय सांगू कशी गेली... मी कडेला उभा होतो. सुश्रुत आतून “डावं, डावं, उजवं” ओरडतोय आणि गाडी त्याचा शब्द संपायच्या आत वळलेली, उजवीकडे तशीच जशी डावीकडे, शेपूट जागच्या जागी, वेणी घालणाऱ्या बाईची बोटं चालावीत तशी त्या शंकूंमधून आत-बाहेर, आत-बाहेर, आणि शेवटच्या रेषेवर ब्रेक असा की वाटीतलं ताकही हिंदकळू नये. एक शंकू हलला नाही. दुसरा नंबर आला. पहिला ऋतुराज, अगदी पापणी लवेल एवढ्या फरकाने, आणि टाळ्या वाजवायलाही तोच पहिला. मैथिलीला नंबराचं काही नव्हतं. ती बॉनेटवर हात ठेवून नुसती हसत उभी होती, आणि संदेशशी बोलत होती.

घरी आल्यावर सुश्रुतने आईला सगळं सांगितलं, मीही होतोच त्यांच्याकडे. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच पुरण घातलं, ताटात गरम पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि हा महिन्याचा उपाशी माणूस पहिला घास मोडणार, एवढ्यात मैथिली म्हणाली, “अर्धी.”

सुश्रुतने वर बघितलं.

“आज गाडी नवीन वजनावर सेट केली ना? आता हेच ठेवायचं. कमी नाही, जास्त नाही.”

काकू माझ्याकडे बघायला लागल्या, मी ताटाकडे. आता सुश्रुत काय म्हणाला, तेही मीच सांगू का?