सीलच्या आतल्या अक्षता

भोसरीहून चाकणला निघालेल्या बसमध्ये इंदुताईंच्या पुढच्याच सीटवर दोघांची जुंपली होती. एक शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या विजयश्री मॅडम, दुसरा ते कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीचा सुजित. इंदुताईंनी डोळे मिटले, कान मात्र उघडेच ठेवले.

"मॅडम, ठरलंय ना आपलं? वायरी, माउस, प्रिंटर तुमच्याकडे. सीलच्या आतलं सगळं आमच्याकडे."

"मग आतला पंखा अडकलाय, तो तुमचाच."

"पण पंख्यात अक्षता निघाल्या राव! त्या काय आम्ही टाकल्या?"

"दसऱ्याला पूजा केली मुलांनी. वडील कंपनीत मशीन पूजतात, मग यांनी हे पूजलं."

"वॉरंटीत अक्षता बसत नाहीत, मॅडम."

"आणि तुम्ही यायला आठवडा लावता, ते बसतं? तोवर पोरं नुसती पडद्याकडं बघत बसतात. मला उघडू द्या, पंखा मी साफ करीन."

"काही जळलं तर?"

"मग आधी शिकवा की!"

बस सिग्नलला थांबली, तसा सुजित मॅडमकडे वळला.

"बरं. साफसफाई तुमच्याकडे, बोर्ड आमच्याकडे. साहेबांना मी पटवतो. शनिवारी येतो, पोरांसमोरच उघडून दाखवतो."

"आणि पुढच्या दसऱ्याला पूजा नको म्हणून सांगू?"

"छे, छे! आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा वडिलांनी त्याच्यावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. चालूच होईना."

"मग?"

"मग काय, बसलो उघडून. तिथंच तर हे काम शिकलो."

"सील नव्हतं त्याला?"

"होतं की."