सात हजारांची अर्धी पोळी

…आणि वर मलाच विचारतो, "सुंदरी, तुम्हाला वेग कशासाठी हवाय?" आता बघा! इथले दुकानदार नातवंडं असलेल्या बाईलाही सुंदरीच म्हणतात, त्याचं काही नाही. पण लॅपटॉप तू विकतोस, एकवीस हजारांचा एक आणि अठ्ठावीस हजारांचा एक अशी दोन जुळी भावंडं माझ्यापुढे तू ठेवतोस, रंग तोच, पडदा तोच, बटणंही तीच, आणि म्हणतोस "याचा प्रोसेसर वेगवान आहे", तर मी एवढंच विचारलं ना, की वेगवान म्हणजे किती वेगवान? तर हा मलाच प्रश्न विचारतो!

तुम्हाला सांगते, आम्ही राहतो तैवानमधल्या शिंचूत. म्हणजे हे प्रोसेसर जिथे जन्माला येतात तिथेच. आमच्या नाश्त्याच्या दुकानात सकाळी सहापासून जी रांग लागते, त्यातले निम्मे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले चिप्सच्या कारखान्यातले इंजिनियर. मी तव्यावर अंड्याची पोळी उलटता उलटता एकेकाला विचारलं, वेगवान म्हणजे किती वेगवान हो? एक म्हणाला, "ते तुम्ही काय काम करता त्यावर आहे." दुसरा म्हणाला, "सहा महिने थांबा, नवा येतोय." तिसरा म्हणाला, "मिरची जास्त घाला." शेवटी घरच्याच माणसाला धरलं. माझा धाकटा दीर वेन-पिन, सात वर्षं त्याच कारखान्यात. तर तो म्हणतो, "वहिनी, ज्यांच्यातून चिप्स कापतात त्या चकत्या धुवायच्या मशीनपाशी मी उभा असतो. दिवा लाल झाला की साहेबाला फोन करायचा. बास. आतला वेग मला काय माहीत?"

ऐकलंत? जगाला लॅपटॉप पुरवणारं गाव हे!

आता तुम्ही म्हणाल, नाश्ता विकणाऱ्या बाईला हवाय कशाला लॅपटॉप? तर ऐका. आमची शिन-रू आठ वर्षांची आहे. उन्हाळ्याचे दोन महिने शाळा बंद. आमच्या भागातल्या क्रीडा केंद्रात उन्हाळी वर्ग असतो, पोहायला शिकवतात, चित्रं काढून घेतात, दुपारचं जेवणही देतात, आणि फी म्हणाल तर आमच्यासारख्यांना झेपेल अशी. पण जागा किती? चोवीस! नावनोंदणी इंटरनेटवर, ठरल्या दिवशी बरोबर दुपारी बाराला उघडते. फोनवर करावी तर त्या फॉर्मचं शेवटचं बटण फोनच्या पडद्याबाहेरच कुठेतरी राहतं. गेल्या वर्षी मी यांच्या लग्नाआधीच्या लॅपटॉपसमोर बसले, बाराच्या ठोक्याला बटण दाबलं… त्याचा पंखा असा घरघरला, असा घरघरला… आणि पान उघडलं तेव्हा लिहिलेलं, "जागा भरल्या."

मग पोर दोन महिने कुठे होती? माझ्या तव्यामागे. सुट्टे पैसे मोजायला शिकली. गिऱ्हाइकाला "सॉस घालू का?" विचारायला शिकली. लोक म्हणाले, किती गुणी पोर! आणि एक दिवस बशी घ्यायला वाकली आणि कोपर तव्याच्या कडेला टेकलं. हूं का चूं केलं नाही हो तिनं, गिऱ्हाईक उभं होतं म्हणून. मीही तिकडे व्हिएतनामला आईच्या टपरीवर अशीच गुणी होते. नऊ वर्षांची असल्यापासून. तेव्हाच ठरवलं, हिला असलं गुणी होऊ द्यायचंच नाही.

म्हणून म्हणते, वेगवान म्हणजे किती वेगवान, हे मला कळायला नको?

आमच्या यांचं मत काय, तर "तुला हवा तो घे." हे काय मत झालं? सासूबाईंचं मत मात्र खणखणीत. "सात हजार जास्त? अगं थोआ, सात हजार म्हणजे दोनशे अंड्याच्या पोळ्या! दोनशे वेळा उलथणं मारशील तेव्हा एखादा सेकंद विकत मिळेल तुला!"

त्या बोलल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेकंदबिकंद मला नाही कळत. पोळी कळते!

गेले तशीच दुकानात. त्या माणसाला म्हटलं, दोन्ही चालू कर, दोन्हीवर एकच पान उघड, आणि मी म्हणेन तेव्हा बटण दाब. आणि भर दुकानात डोळे मिटून हात हलवत सुरू केलं, "तेल… अंडं फोडलं… पसरलं… कांद्याची पात… वर पोळी टाकली… दाबली… उलटली… गुंडाळली!" मागे माणसं जमली. एक म्हातारेबुवा तर विचारत होते, "कुठे मिळतेय? कुठे मिळतेय?" पण उत्तर मिळालं! स्वस्तातला उघडला 'गुंडाळली'ला. महागडा उघडला 'कांद्याची पात'ला. फरक किती? अर्धी पोळी!

सात हजारांत अर्धी पोळी… सासूबाईंना कळलं तर मलाच तव्यावर घेतील. पण गेल्या वर्षी चोवीस जागा संपल्या केवढ्यात? एका पोळीत! मग अर्ध्या पोळीत किमान बारा पोरं आत जातात की नाही? त्या बारांत माझी एक नको? घेतला. महागडाच घेतला. पैसे दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा दुकानदार म्हणाला, "सुंदरी, पाणी देऊ?"

घरी वेन-पिननं सगळं जोडून दिलं आणि वर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक मशीनवर असतं, मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच लागतं हं, पिवळं ठेवलं तर मशीन रुसतं. आणि तारीख उलटलेलं तर मुळीच चालत नाही. मी तीनदा तारीख वाचली. शिन-रूला बजावलं, याला हात लावलास तर बघ.

उजाडला तो दिवस. नेमक्या त्याच सकाळी सासूबाई गायब! दुकानात ही रांग, आमचे हे एकटे दूध ओततायत, मी एकटी तव्यावर. कशीबशी अकराला फळी लावली, तेलकट हात तीनदा धुतले, बसले. बारा वाजले. दाबलं!

तुम्हाला सांगते, 'तेल' म्हणायच्या आत पान उघडलं. आणि पानावर काय? "कृपया थांबा." आणि एक चाक. गोल गोल. पण काय फिरत होतं हो ते चाक! जुन्यावर अडखळायचं, धापा टाकायचं. हे लोण्यासारखं! एक पोळी झाली, दोन झाल्या, अकरा झाल्या. वेन-पिन मागून म्हणतो, "बघा वहिनी, हा प्रोसेसरचा वेग! अडकलंय ते तिकडे, केंद्राच्या कॉम्प्युटरवर."

म्हटलं, "मग तो बदलायचे सात हजार कोणाकडे भरायचे?"

तिसाव्या पोळीला पान हललं. "जागा भरल्या." मी पदर नाही म्हणून हिरवं पाकीटच तोंडावर धरून रडले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. एका हातात प्लॅस्टिकचं स्टूल, दुसऱ्या हातात पावती. पावतीवर नाव शिन-रूचं! इंटरनेट न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणे चार जागा खिडकीवर ठेवल्या होत्या. पहाटे साडेपाचपासून त्या दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. केंद्राच्या फळ्यावर महिनाभर कागद लावलेला. भाजीला जाता-येता त्यांनी वाचलेला.

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"तू अठ्ठावीस हजारांचा आणलास ना? म्हटलं, बघू तरी कोण आधी पोचतं."

पोर आता रोज पोहायला जाते. कोपर बरं आहे. लॅपटॉप? तो सासूबाईंच्या मांडीवर. दिवसभर बाहुल्यांच्या खेळाच्या जुन्या मालिका बघतात. परवा मला हाक मारली, चेहरा वैतागलेला, म्हणाल्या, "अगं थोआ, यातली माणसं फार भरभर बोलतात. एकवीस हजारांचा, हळू चालणारा होता ना त्या दुकानात? मग तोच का नाही आणलास?"