चारच्या बसआधी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष श्री. एवारिस्तो, व्यासपीठावर घाम पुसत बसलेले पाद्री ओनोफ्रे, पेद्रा मान्सातल्या समस्त बायाबापड्यांनो, आणि जिच्यासाठी आपण बाजाराची ही शेड सजवली, पण जी डोक्यावरची टोपी काढायला आणि मांडीवरची पिशवी सोडायला तयार नाही, त्या दोना किटेरिया,

बावन्न वर्षं अकॉर्डियन वाजवायची खरी किंमत काय पडते, ते मी सांगू शकतो. दुरुस्तीला ते माझ्याकडेच येत होतं. भाते पाच. डावा खांदा एक, तोही कायमचा. नवरा एक, तो ट्रक घेऊन गेला तो गेलाच. मुलीचे अकरा वाढदिवस, कारण नीडिया जूनमध्ये जन्मली, आणि जूनमध्ये, संत जुआंवच्या सणात, आमच्याकडे अकॉर्डियनवाल्याला मरायलासुद्धा सवड नसते. शिवाय पुढचा एक दात. तो एका लग्नात, नवरदेवाच्या काकाने भिरकावलेल्या बाटलीने गेला. दात जमिनीवर, रक्त हनुवटीवर, आणि नाच चालूच. गाणं संपल्यावर बाईने वाकून दात उचलला, खिशात टाकला आणि विचारलं, "पुढचं कुठलं?"

मला दहा मिनिटं दिली आहेत. बस चारची. बघतोय, अध्यक्ष महोदय, घड्याळ मलाही आहे.

तर, दोना किटेरियांचं नाव कुणाला ठाऊक नाही? रेसिफेच्या रेडिओवर ती पहिल्यांदा गेली तेव्हा निवेदकाने तिच्या मागे डोकावून विचारलं, "वाजवणारा कुठाय?" ही म्हणाली, "घरी घेवडा शिजवतोय. तो येईपर्यंत मी वाजवते." पुढे रिओच्या एका कंपनीने तिला बोलावलं. चमचमता झगा दिला आणि सांगितलं, अकॉर्डियनची पेटी मागे एक माणूस वाजवेल, तुम्ही नुसतं गा आणि हसा. तीन महिन्यांत बाई परत. गावाने विचारलं, काय झालं? म्हणाली, "नुसतं हसायला माझ्याकडे दात कमी आहेत."

हसा, हसा. नऊ तबकड्या निघाल्या तिच्या. तिचं गाणं लागलं की इथून समुद्रापर्यंत म्हाताऱ्या चुलीसमोर पाय हलवतात. आणि आता त्या बाईने जायचं कुठे? साओ पावलोला, लेकीकडे, अकराव्या मजल्यावर. तिथे शेजारी भिंत ठोकतात म्हणे. म्हणून पेटी परवा माझ्या दुकानात आणून ठेवली. "सांभाळा, कोंपाद्रे," एवढंच बोलली. मी दोन दिवस त्या पेटीकडे पाठ करून काम करतोय.

आटपतो, अध्यक्ष महोदय. माझ्याविषयी दोनच वाक्यं, म्हणजे बोलण्याचा अधिकार कळेल. मी या गावात आलो तो एक कानस, मेणाचा गोळा आणि अंगावरचा सदरा घेऊन. आज दुकान आहे, हाताखाली तिघं आहेत, बाहेर पाटी आहे. हे सगळं या दोन कानांचं. पाद्रीसाहेबांच्या घंटेला चीर गेली ते मी रस्त्यावरून सांगितलं होतं. बेकरीवाल्याच्या मोटारीचा पट्टा सुटणार, हे त्याच्या आधी मला कळलं. पेद्रा मान्सात असा एक आवाज नाही जो दुर्वालच्या कानाला चुकवून जाईल.

"पाणी प्या," असं दोना किटेरिया म्हणतायत. पितो.

लोकहो, ती मला कोंपाद्रे म्हणते, मी तिला कोमाद्रे, म्हणजे विस्तवाच्या साक्षीने मानलेले घरचे नातलग. हे नातं तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय. ते झालं एक्कावन्न वर्षांपूर्वी, संत जुआंवच्या सणाला, तिच्या बापाच्या अंगणातल्या होळीभोवती. मी एकवीस वर्षांचा, ती अठराची. तिचा बाप दारात परक्या पुरुषाला उभं करत नव्हता. पेटी सुरात लावायची तरी कुंपणावरून घ्यायची नि कुंपणावरून द्यायची. मी विचार केला, आधी घरात पाय ठेवू, पुढचं पुढे. हात धरून विस्तवाभोवती तीन फेऱ्या, दर फेरीला दोघांनी म्हणायचं: संत जुआंवने सांगितलं, संत पेद्रोने मान्य केलं, आजपासून आपण कोंपाद्रे-कोमाद्रे. झालं! म्हाताऱ्याने मला मिठी मारली. "आता तू घरचा." दार उघडलं. आणि त्याच मिठीत ते बंदही झालं, कारण विस्तवाने जोडलेल्यांनी एकमेकांकडे तशा नजरेने बघायचं नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाच काय ते ठाऊक नव्हतं? होतं. मी म्हटलं, पोरखेळ आहे, विसरतील लोक. सकाळी पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळा गाव मला कोंपाद्रे म्हणत होता.

मी लग्न केलं नाही. लोक म्हणाले, दुर्वालचं दुकानाशी लागलंय. बरं झालं, विचारायचे थांबले.

हे भाषणात नव्हतं. कागद खिशातच आहे.

काय? जरा थांबा, दोना किटेरिया काही विचारतायत. मागच्यांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने सांगतो. त्या विचारतायत, "फेऱ्या किती?"

तीन, कोमाद्रे.

"आणि म्हणायचं किती वेळा?"

तीन वेळा. दोघांनी.

"मी दोनदा म्हटलं. तिसऱ्या फेरीला मी तोंड मिटून होते."

शांत बसा हो जरा! पाद्रीसाहेब, तुम्हीसुद्धा. कोमाद्रे, सगळ्यांदेखत असं...

"कोमाद्रे कुणाला म्हणतोस? तू एवढ्याने ओरडत होतास की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मला वाटलं, तुला कळलंय मी गप्प राहिले ते. कळूनही तू दुसऱ्या दिवशी कोमाद्रे म्हणून हाक मारलीस. म्हटलं, याला हेच हवंय. म्हणून त्या ट्रकवाल्याला हो म्हटलं मी."

मग सांगितलं का नाहीस, किटेरिया?

"तू विचारलंस का, दुर्वाल?"

अध्यक्ष महोदय, माझी दहा मिनिटं कधीच संपली असणार. फुलं आणणाऱ्या बायकांचे, मक्याच्या गोड पामोन्या रांधणाऱ्यांचे, खुर्च्या उसन्या देणाऱ्या शाळेचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात कुठे मर्यादा सुटली असेल, कुणाच्या दिवंगत वडिलांविषयी उणा शब्द गेला असेल, तर म्हाताऱ्या माणसाची चूक म्हणून पोटात घाला. शाल आणि मानपत्र अध्यक्षांनी द्यावं. बाईंची पिशवी कुणीतरी बसपर्यंत पोचवा, मला ते...

काय म्हणता, अध्यक्ष महोदय? बस गेली?

सभेला सांगायला हवं. बस सव्वाचारला गेली. ड्रायव्हरने शेडच्या दारात गाडी थांबवून तीनदा भोंगा वाजवला. दोना किटेरियांनी हातानेच त्याला पुढे जायला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं म्हणे.

मला ऐकू आलं नाही.