नकाशावर तिथं बर्फ आहे

— अहो, बसा म्हणते ना, दारात उभं राहून कसली चौकशी करताय? आई शेजारी गेलीय म्हणून वाचले, नाहीतर गणवेशातल्या माणसाला उंबऱ्यावर तिष्ठत ठेवलं म्हणून तिने माझीच खरडपट्टी काढली असती. बूट तिथेच राहू देत. तिकडे नाही, वर बसा, दारासमोर, मानाच्या जागेवर. हो, पकडायला आलेल्या पाहुण्यालासुद्धा मानाचीच जागा. पकडायला नाही आलात? नुसती विचारपूस? बरं, विचारपूस. चहा घ्या. अर्धाच पियाला दिलाय, बघून ठेवा — उगाच म्हणाल, राजधानीत पाच वर्षं शिकली आणि रीत विसरली. काठोकाठ पियाला म्हणजे उठा, चालायला लागा, एवढं मलाही कळतं. आणि पाव तोडा, साय लावा, काकूने कुरणावरून धाडलीय. पाव न चाखता मी कुणालाही जाऊ देत नाही, लेफ्टनंट असो नाहीतर मंत्री.

काय, तो? तो कोपऱ्यातला खोका ना. ड्रोनच आहे, लपवलेला नाही, लपवायचा असता तर चहाच्या बाजूला ठेवला असता का? विद्यापीठातून उसना आणलाय, पावती आहे, दाखवू? उडवलेला नाही. परवानगीच नाही तर उडवणार कसा — सीमापट्टा आहे, खिंडीत तुमच्याच खात्याचा फलक आहे, उडणाऱ्या यंत्रांना बंदी. त्याखाली कोळशाने कुणीतरी लिहिलंय, ‘गरुडांचं काय?’ — ते मी लिहिलेलं नाही हं. अक्षर माझ्यासारखं असेल, पण मी नाही.

परवानगी मागितली होती का म्हणून विचारताय? मार्चपासून मागतेय! खिडकीसमोर उभी राहून राहून माझ्या बुटांच्या टाचा गेल्या. अर्जात लिहायचं असतं, कशावर उडवणार. मी लिहिलं, सातार काकाच्या कुरणाच्या वर, हिमनदीच्या तोंडाशी जे तळं झालंय, त्या तळ्यावर. सहा आठवड्यांनी उत्तर आलं — सदर ठिकाणी तळं आढळत नाही. आढळत नाही! मी बसने राजधानीला गेले. खिडकीमागे एक बाई, वाईट नव्हत्या हो, मला ‘पोरी’ म्हणत होत्या, त्यांनी नकाशा पसरला, माझ्या जन्माच्याही आधीचा, सोव्हिएत काळातला, घड्यांवर फाटलेला, आणि बोट ठेवलं. ‘बघ, पांढरं आहे. तिथं बर्फ आहे.’ मी म्हटलं, बाई, तो वितळला. म्हणाल्या, ‘मग वितळल्याचा दाखला आण.’ दाखला कोण देणार? शेजारच्या इमारतीत, पाण्याचं खातं. तिथे गेले. ते म्हणाले, देतो की, का नाही देणार, फक्त वरून काढलेली चित्रं आणा. वरून चित्रं कशी निघतात? ड्रोनने. आणि ड्रोन उडवायला काय लागतं — हसताय. हसा, हसा. मीही हसले होते, त्यांच्याच पायरीवर बसून, एकटीच, येणारेजाणारे बघत होते. शेवटी मी बाईंना म्हटलं, ठीक आहे, ‘बर्फावर उडवणार’ असं लिहिते. तर म्हणतात कशा, ‘बर्फावर कशाला उडवायचं, बर्फ काय नवीन आहे का?’

पायी जाऊन बघायचं? सहा वेळा गेले! तुम्ही गेलायत कधी वर? नाही ना. बर्फ मागे सरकत गेला आणि जाताना दगडमातीचा ढीग टाकून गेला, तोच तळ्याचा बांध. कुणी बांधला नाही, कुणी तपासला नाही, आणि मधे दगडांच्या पोटात अजून जुना बर्फ अडकलाय. तो वितळतोय. पुढून बघितलं तर बांध असा दिसतो, की पोरांनी वर खेळावं. सातार काका म्हणतो, हजार घोडे पळव त्यावरून. पण ती भेग मागच्या अंगाला आहे ना, पाण्याच्या बाजूला, उजव्या टोकाला, चाळीस पावलं लांब, आत निळा बर्फ चमकतोय आणि तळ्याचं पाणी त्यात शिरतंय, हळूहळू, पण शिरतंय, आणि ती कड्यावरूनही दिसत नाही, कडाच पोट काढून पुढे आलाय, ती फक्त वरून, अगदी सरळ वरून दिस—

चहा निवला का तुमचा? द्या, बदलून देते.

असं बघू नका. साय नाही का लावली पावाला?

बरं. हो. उडवला. मंगळवारी, सकाळी, वारा सुटायच्या आत. अकरा मिनिटं. सातार काका तिथे — नाही, काकाचं नाव नका लिहू, तो मेंढी शोधायला आला होता, त्याला वाटलं घोडमाशी आहे, चाबूक उगारला त्याने तिच्यावर! मला लाज वाटत नाही. विचारलं नाहीत, तरी सांगते. सीमेकडे तोंडही वळवलं नाही मी, सीमा तीन डोंगर पलीकडे आहे, मला काय करायचंय त्या सीमेशी, पाण्याला तरी कुठे ठाऊक आहे सीमा! मी चार महिने तुमच्या दारात उभी होते, कागद घेऊन, केस नीट बांधून, ‘कृपया’ म्हणत. आता जुलै येतोय. जुलैतच वितळतं सगळं.

काय म्हणालात? परत म्हणा.

‘खोका बंद होता असं लिहितो, तुम्ही सही करा, बाकी मी काही ऐकलं नाही.’

भले आहात हो तुम्ही. खरंच. मी तोंडावर दार लावणारा माणूस येईल म्हणून धरून चालले होते, दोन दिवस भांडणाची तयारी करत होते, आणि आले तुम्ही. कुठले तुम्ही? बोलण्यावरून आमच्याच खोऱ्यातले वाटता. कोश-कोपुरो? खालचं? पुलाजवळचं? कुणाचे? — काय सांगता! गुलसाराबाईंचे? थांबा, थांबा. उठा जरा. उठा म्हणते. ज्याच्यावर बसलाय ना, लाल शिंगांच्या नक्षीचा लोकरीचा नमदा, तो तुमच्या आईने केलाय. माझ्या आईच्या लग्नातला. कोपऱ्यात बघ, तो एक टाका मुद्दाम वाकडा, ती प्रत्येक नमद्यात घालते. एर्मेक ना तू? तू तर माझ्या दादाबरोबर नदीत पोहायचास, आणि मी तुला तासभर ‘अहो-जाहो’ करतेय!

म्हणजे तुझी आई अजून तिथेच. नदीच्या काठावर. लोकर भिजवायला पाणी दारात लागतं म्हणून जिने पुलाजवळ घर बांधलं, तीच ना. एर्मेक, आमचं गाव उंचावर आहे, आम्हाला ते पाणी शिवणारसुद्धा नाही. मी माझ्या घरासाठी भांडत नाहीये. बांध फुटला तर पाणी कोश-कोपुरोला पोचायला किती वेळ लागेल, मी काढलंय. तुला सांगू? नको? सांगतेच. तू हा पियाला संपवशील तेवढा.

आता ऐक. तू ‘खोका बंद होता’ लिहिलंस की मी सुटले. आणि तळं गेलं. तळं परत बर्फ झालं, पांढरं, घडीवर फाटलेलं. कळतंय का? म्हणून माझा गुन्हा लिही. लिहीच. बेगायिम, वय सव्वीस, हिने बंदी असलेल्या हद्दीत, विनापरवाना, तळ्यावर ड्रोन उडवला. दंड घ्या, खोका न्या, विद्यापीठ मला दारात उभं करणार नाही, ठाऊक आहे, रडून झालंय माझं त्यावर. पण गुन्ह्याला जागा लागते ना? पुरावा लागतो ना? ही घे चित्रं, भेगेची, सगळी जोड. तुझी सही, तुझा शिक्का, इथून जिल्ह्याला, तिथून राजधानीला. सरकारच्या कागदावर पहिल्यांदा ते तळं येईल. मग विचारू देत त्या बाईंना, कुठलं तळं? मी दाखवते कुठलं तळं!

पेन चालत नाही? माझं घे. हं... वय सव्वीस... हं... काय लिहिलंस ते? ‘प्रतिबंधित क्षेत्रावर’? खोड. क्षेत्रावर नाही. हवेवर नाही. ‘तळ्यावर.’

थांबलास का? वरिष्ठ काय म्हणतील? म्हणतील, एर्मेकने नसलेलं तळं कुठून आणलं. तू म्हण, आरोपीने सांगितलं. माझ्यावर ढकल की, आरोपी कशासाठी असतो! तुझी नोकरी जाणार नाही, आणि गेली तर — गेली तर जाऊ दे, एर्मेक. माझी सुरू व्हायच्या आधीच गेलीय.

लिहितोस?

...

वाच. मोठ्याने वाच. नाही, सगळं नको, तो शब्द असलेली ओळ. हं. परत एकदा.

बास. आईला वर पाठव, महिनाभर माझ्या आईकडे राहू दे, लोकर आमच्या झऱ्यावरही भिजते. आणि आण तो पियाला इकडे. सांडेल म्हणून काळजी नको करू, मुद्दाम भरतेय. काठोकाठ. पी आणि ऊठ. जिल्ह्याचं ऑफिस पाचला बंद होतं.