पोळ्याला धामणीची पिल्लं

(केदारखेडा, मोगलाईतला एक पोळा, तिसरा प्रहर. बद्रीनाथ गोठ्यात गव्हाणीवर चढून उभा. त्याची बायको दुर्गाबाई आणि झुली शिवणारे पाशामियाँ दाराबाहेर.)

दुर्गाबाई : अवं, उतरा की! वेशीत तोरण बांधून झालं. त्याच्याखालून पयला बैल आपला जातो, मामंजींपासूनचा मान हाय. दुसऱ्या मानाचे काकासाहेब टपूनच बसलेत पुढं घुसायला.

बद्रीनाथ : झूल झटकली अन् त्यातून नऊ नाग पडले! उतरू कसा?

पाशामियाँ : नाग? फणा काढला का एकानं तरी?

बद्रीनाथ : मी जीव सांभाळू का फणे बघू?

पाशामियाँ : डोळे टपोरे, अंगावर आडवे पट्टे. धामणीची पिल्लं हैत, बद्रीभाऊ. बिलकुल जहर न्हाई. जालन्याला सरकीच्या ढिगात लई पाह्यलीत.

बद्रीनाथ : मंग यांची आई कुठं दडलीय?

पाशामियाँ : ती अंडी घालून कवाच गेली. ज्याचं पोट त्यानं भरायचं.

दुर्गाबाई : ऐका! अन् हे चाळिशीत पोळीवर तूप बी आपल्या हातानं घेत न्हाईत.

बद्रीनाथ : अगं, धोतरात शिरलं एक! मेलो!

पाशामियाँ : झुलीचा गोंडा हाय तो.

दुर्गाबाई : अगं बाई, हसून हसून पोट दुखायलं माझं.

बद्रीनाथ : हस, हस! हे बघ, उतरलो. चल रे सर्ज्या... थांब, थांब! उंबऱ्यातच एक पडलंय. बेडकी धरलीय त्यानं.

दुर्गाबाई : अन् बेडकी त्याच्या तोंडापरीस मोठी!

पाशामियाँ : अंगाखाली दाबलीय बघा. आता जबडा सरकवत सरकवत गिळणार.

बद्रीनाथ : काठीनं बाजूला सारू का?

पाशामियाँ : सारा. भ्यालं की ओकून पळंल. अंड्यातल्या बलकावर आठ-दहा दिवस काढलेत त्यानं. पयलीच शिकार असंल.

दुर्गाबाई : हलगी वाजायली! अवं, जल्दी काढा बैल!

बद्रीनाथ : सर्ज्याचा खूर पडंल ना त्याच्यावर.

दुर्गाबाई : अन् आपला मान?

बद्रीनाथ : बघ, बघ! एक तंगडी आत गेली.

दुर्गाबाई : कुठं? सरका, मला दिसंना. अगं बाई... दुसरी बी चालली!

पाशामियाँ : काकासाहेबांचा माणूस आलाय. इचारतोय, येता का आम्ही होऊ पुढं?

बद्रीनाथ : दुर्गे, तूच बोल.

दुर्गाबाई : व्हा म्हणावं पुढं.

पाशामियाँ : अन् कारण काय सांगू?

दुर्गाबाई : सांगा, दारात लेकरू जेवायला बसलंय.